‘गोरेच जास्त मारले गेले, मग भेदभाव कुठला?’

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतला मृत्युदंड, वर्ण आणि जनमत

या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एका आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. आधी एका शब्दाचा खुलासा. आपण सवयीने ‘फाशी’ म्हणतो, पण अमेरिकेत आज बहुतेक वेळा विषारी इंजेक्शन देऊन ही शिक्षा अमलात आणतात. म्हणून इथे ‘मृत्युदंड’ हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : अमेरिकेत १९७६नंतर ज्यांचा मृत्युदंड अमलात आला, त्यांत गोरे जास्त आणि कृष्णवर्णीय कमी आहेत. आकडे इतके स्पष्ट असताना भेदभावाची ओरड कशासाठी?

आकडा खरा आहे. (मोजणी १९७६पासून करतात, कारण त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाला पुन्हा मान्यता दिली.) सोळाशेहून अधिक माणसांत निम्म्याहून जास्त गोरे आहेत आणि कृष्णवर्णीय साधारण एक तृतीयांश. यावर ठरलेलं उत्तर असं की लोकसंख्येत कृष्णवर्णीय तेरा-चौदा टक्केच आहेत, तेव्हा एक तृतीयांश हे फारच झालं. आम्हाला हे उत्तर लंगडं वाटतं. शिक्षा लोकसंख्येला होत नाही, खुनाच्या आरोपींना होते. म्हणून छेदात आरोपींची संख्या हवी. गंमत अशी की ती घातली की पहिल्या नजरेला भेदभाव नाहीसाच होतो. फसगत होते ती इथेच.

मायकेल रॅडलेट या समाजशास्त्रज्ञाने १९८१मध्ये मांडलेला फ्लोरिडाचा हिशेब कागदावर उतरवून बघा. २० काउंट्यांमधले (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) १९७६-७७चे खुनाचे ३२६ खटले. गोरे आरोपी १६०, त्यांतल्या १९ जणांना मृत्युदंड झाला, म्हणजे ११.९ टक्के. कृष्णवर्णीय आरोपी १६६, मृत्युदंड १७ जणांना, म्हणजे १०.२ टक्के. उलट गोऱ्यांनाच थोडी जास्त शिक्षा झाली म्हणायची!

आता याच ३२६ खटल्यांची आणखी एक वाटणी करा : ज्याचा खून झाला तो कोण होता? मृत गोरा असलेल्या खटल्यांत गोऱ्या आरोपींपैकी १५१मधल्या १९ जणांना (१२.६ टक्के) आणि कृष्णवर्णीय आरोपींपैकी ६३मधल्या ११ जणांना (१७.५ टक्के) मृत्युदंड झाला. मृत कृष्णवर्णीय असलेल्या खटल्यांत गोरे आरोपी ९, मृत्युदंड एकालाही नाही. कृष्णवर्णीय आरोपी १०३, मृत्युदंड ६ जणांना, म्हणजे ५.८ टक्के. दोन्ही गटांत कृष्णवर्णीय आरोपीलाच जास्त शिक्षा, आणि एकत्र बेरीज केली की चित्र उलटं.

असं का होतं? खून बहुधा आपापल्या वर्णात होतात. या १६० गोऱ्या आरोपींपैकी १५१ जणांनी गोऱ्यालाच मारलं होतं आणि गोऱ्याचा खून ‘महाग’ पडत होता. कृष्णवर्णीय आरोपींपैकी १०३ जणांनी कृष्णवर्णीयाला मारलं होतं आणि तो खून ‘स्वस्त’ होता. त्या स्वस्ताईने त्यांची सरासरी खाली ओढली. आरोपीचा वर्ण बाजूला ठेवून नुसता मृताचा वर्ण पाहिला तर फरक आणखी ठळक दिसतो. गोरा मारला गेला त्या २१४ खटल्यांत ३० मृत्युदंड, म्हणजे १४ टक्के. कृष्णवर्णीय मारला गेला त्या ११२ खटल्यांत ६, म्हणजे ५.४ टक्के.

देशभरातही तेच आहे. अमेरिकेत खून होणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच गोरे असतात, पण ज्या खटल्यांत मृत्युदंड अमलात आला त्यांतल्या मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गोरे आहेत. म्हणून ‘किती काळे मेले, किती गोरे मेले’ ही मोजणी सुरू झाली की आधी विचारायचं, कोणाला मारल्याबद्दल?

प्रश्न : पण गोऱ्यांचे खून दरोड्यात, अनोळखी माणसाकडून, जास्त क्रूरपणे झालेले असू शकतात. मग शिक्षा कडक होणारच. यात वर्ण कुठून आला?

शंका रास्त आहे. फ्लोरिडाच्या त्या साध्या तक्त्यात तिला उत्तर नाही. ते शोधायला डेव्हिड बाल्डस यांनी चार्ल्स पुलास्की आणि जॉर्ज वुडवर्थ यांच्यासह जॉर्जिया राज्यातले १९७०च्या दशकातले दोन हजारांहून अधिक खुनाचे खटले तपासले. खून कसा झाला, दरोडा होता का, मृत किती, आरोपीवर पूर्वीचे गुन्हे किती, पुरावा किती पक्का अशा वर्णाशी संबंध नसलेल्या २३० बाबी तपासल्या आणि त्यांतल्या ३९ जमेस धरून एक हिशेब केला. तरी मृताचा वर्ण उरलाच. मृत गोरा असेल तर मृत्युदंडाचं पारडं ४.३ पट जड.

हा ४.३ जवळजवळ सगळीकडे चुकीचा वाचला जातो. ‘मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट’ असा त्याचा अर्थ नाही. हा होण्या-न-होण्याच्या गुणोत्तराचा गुणक आहे. उदाहरणाने बघा. एखाद्या प्रकारच्या दहा खटल्यांत एकाला मृत्युदंड होत असेल तर गुणोत्तर १ : ९. त्याला ४.३ने गुणलं की ४.३ : ९, म्हणजे सुमारे ३२ टक्के. दहा टक्क्यांचे त्रेचाळीस नव्हे, बत्तीस झाले. जिथे आधीच ९० टक्के शक्यता होती तिथे ती ९७-९८वर जाते, फरक जेमतेम.

वर्णाचा जोर कुठे चालतो तेही यातून कळतं. अतिशय भयानक गुन्ह्यात मृत्युदंड होतोच, साध्या गुन्ह्यात होतच नाही. मधल्या पट्ट्यात ज्युरीला ‘इकडे की तिकडे’ ठरवायचं असतं आणि तिथेच फट पडते. बाल्डस यांच्या अभ्यासात या मधल्या पट्ट्यातलं मृत्युदंडाचं प्रमाण मृत गोरा असताना सुमारे ३४ टक्के होतं आणि मृत कृष्णवर्णीय असताना १४ टक्के.

हा एकट्या जॉर्जियाचा दोष नव्हता. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने १९९०मध्ये २८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ८२ टक्के अभ्यासांत मृताच्या वर्णाचा परिणाम दिसला होता. आरोपीच्या वर्णाबाबत मात्र निष्कर्ष इतके एकमुखी नव्हते. हा दुसरा भाग चळवळीतले लोक सांगायचा विसरतात.

प्रश्न : हे करतं कोण? न्यायाधीश, पोलीस की ज्युरी?

सगळ्यांत जास्त हातात असतं सरकारी वकिलाच्या. खून झाला म्हणून मृत्युदंडाचा खटला आपोआप चालत नाही. ‘या आरोपीसाठी मृत्युदंड मागणार’ अशी सूचना काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाने द्यावी लागते. त्याने ती दिलीच नाही, किंवा गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात जन्मठेपेवर सौदा केला, तर पुढची साखळीच सुरू होत नाही. हा निर्णय कार्यालयातल्या बंद दाराआड होतो. त्याची कारणं लिहून द्यावी लागत नाहीत आणि सौदा देऊ केला नाही म्हणून अपीलही करता येत नाही.

जॉर्जियात सरकारी वकिलांनी मृत्युदंड कधी मागितला ते पाहा. कृष्णवर्णीय आरोपी आणि गोरा मृत, अशा खटल्यांत ७० टक्के वेळा. दोघेही गोरे असताना ३२ टक्के. गोरा आरोपी आणि कृष्णवर्णीय मृत असताना १९. दोघेही कृष्णवर्णीय असताना १५. म्हणजे ज्युरी येऊन बसायच्या आधीच निम्मी चाळण होऊन गेलेली असते.

बहुतेक राज्यांत हे वकील निवडून येतात आणि त्यांत गोऱ्यांचं प्रमाण २०१५च्या एका मोजणीत ९५ टक्के होतं. काउंटीनुसार फरकही प्रचंड. १९७६नंतर अमलात आलेल्या मृत्युदंडांपैकी निम्म्याहून अधिक देशातल्या अवघ्या २ टक्के काउंट्यांतून आले. खर्च काउंटीच्या तिजोरीतून होतो, श्रीमंत काउंटीला झेपतो, गरीब काउंटीला नाही. त्यामुळे सारखाच खून नदीच्या अलीकडे झाला की पलीकडे, यावरही जीव अवलंबून राहतो.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे पाहिले नाहीत का?

पाहिले. वॉरन मॅक्लेस्की हा कृष्णवर्णीय आरोपी. १९७८मध्ये अटलांटातल्या एका फर्निचरच्या दुकानावरच्या दरोड्यात गोरा पोलीस मारला गेला, त्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. त्याच्या वकिलांनी बाल्डस यांचा अभ्यास पुढे केला. २२ एप्रिल १९८७ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी तो हरला.

बहुमताने अभ्यास खोटा ठरवला नाही. तो बरोबर आहे असं धरून चालून न्यायालय म्हणालं, की राज्यभराचा कल दाखवून भागणार नाही. या खटल्यात, या आरोपीबाबत, अमुक व्यक्तीने जाणूनबुजून भेदभाव केला हे सिद्ध करा. आता ज्युरी आपल्या चर्चेचा हिशेब देत नाही आणि सरकारी वकिलाला निवडीची कारणं द्यावी लागत नाहीत, तर हा हेतू सिद्ध कशाने करायचा? बहुमताची आणखी एक धास्ती होती : हे मान्य केलं तर उद्या प्रत्येक शिक्षेला असंच आव्हान मिळेल. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्यावर टोला मारला, की ही तर न्याय फारच जास्त होईल याची भीती झाली.

मॅक्लेस्कीला सप्टेंबर १९९१मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला म्हणाले की एखादं मत बदलता आलं असतं तर ते याच खटल्यातलं बदललं असतं. निकाल आजही कायम आहे.

प्रश्न : बारा सामान्य नागरिकांची ज्युरी म्हणजे जनमतच की. मग भेदभावाला तिथे आळा बसायला हवा.

बसला असता, ज्युरीत सामान्य नागरिक जसे असतात तसे आले असते तर. मृत्युदंडाच्या खटल्यात ते दोन चाळण्यांतून येतात.

पहिली चाळण कायदेशीर आहे. निवडीच्या वेळी प्रत्येकाला विचारतात, वेळ आली तर तुम्ही मृत्युदंडाच्या बाजूने मत देऊ शकाल का? ‘मुळीच नाही’ म्हणणारा घरी जातो. नुसता तात्त्विक विरोध आहे म्हणून काढता येणार नाही, असं १९६८च्या विदरस्पून खटल्यात ठरलं. १९८५च्या विट खटल्यात ती अट सैल झाली : विरोधामुळे कर्तव्य बजावण्यात मोठी अडचण येईल असं न्यायाधीशाला वाटलं तरी पुरे. कृष्णवर्णीयांत आणि स्त्रियांत मृत्युदंडाला विरोध जास्त, म्हणून या चाळणीत तेच जास्त गळतात. उरलेली ज्युरी नुसती शिक्षेबाबत नव्हे, आरोपी दोषी आहे का हे ठरवतानाही सरकारी बाजूला झुकलेली असते, असे अभ्यास १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले गेले. ते खरे धरले तरी पद्धत घटनेत बसते, असा निकाल लागला.

दुसरी चाळण कारण न देता नाकारण्याच्या हक्काची. दोन्ही बाजूंना ठरावीक संख्येने असे नकार देता येतात. वर्णावरून नकार देता येणार नाही हे १९८६च्या बॅटसन निकालाने सांगितलं. तेव्हापासून पायऱ्या तीन. बचावाने संशयाला जागा आहे हे दाखवायचं, सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि ते कारण खरं की बहाणा हे न्यायाधीशाने ठरवायचं. बिघडतं ते दुसऱ्या पायरीवर. ‘डोळ्याला डोळा देत नव्हता’, ‘उत्तर द्यायला अडखळली’ असली कारणंही चालून जातात.

बहाणा पकडायचा कसा? तुलनेने. जे कारण सांगून कृष्णवर्णीय माणसाला काढलं तेच एखाद्या गोऱ्याला लागू असूनही त्याला ठेवलं का, ते बघायचं. मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी एकाच सरकारी वकिलाने सहा खटले चालवले आणि त्या सहा खटल्यांत मिळून समोर आलेल्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांना नाकारलं. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले होते, निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी शिक्षा रद्द केली.

याहून उघड पुरावा जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात मिळाला. खटला १९८७चा. सरकारी वकिलांची टिपणं बचावाच्या हाती लागली ती २००६मध्ये, माहिती मागण्याच्या कायद्याखाली. यादीतली कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने रंगवलेली आणि शेजारी ‘ब्लॅक’चं आद्याक्षर. न्यायालयाने २०१६मध्ये निकाल फिरवला. खटल्याला तोवर एकोणतीस वर्षं झाली होती.

प्रश्न : जनमत चाचण्यांत कधी ८० टक्के लोक मृत्युदंडाच्या बाजूने असतात, कधी ५३, कधी ३६. एवढे हेलकावे कसे? आमच्या अभ्यासगटाला यावर टिपण करायचं आहे.

तीन गोष्टी वेगळ्या करा : काळ, प्रश्नाचे शब्द आणि विचारण्याची पद्धत.

काळ आधी. गॅलप संस्था १९३६पासून हा प्रश्न विचारते. १९६६मध्ये बाजूने ४२ टक्के आणि विरोधात ४७, पूर्ण इतिहासात विरोध वरचढ ठरल्याची ती एकच वेळ. १९९४मध्ये बाजूने ८०, हा कळस. २०२४मध्ये ५३.

मग शब्द. गॅलपचा नेहमीचा प्रश्न असा : खुनाबद्दल दोषी ठरलेल्याला मृत्युदंड असावा का? यात दुसरा पर्याय समोर नाही. ‘मृत्युदंड की पॅरोलची मुभा नसलेली जन्मठेप’ असं विचारलं की चित्र पालटतं. २०१९मध्ये नेहमीच्या प्रश्नाला ५६ टक्के अनुकूल होते. त्याच वर्षी पर्याय दिल्यावर मृत्युदंड निवडणारे ३६ आणि जन्मठेप निवडणारे ६०. बातमीदार यातला सोयीचा आकडा उचलतात, म्हणून प्रश्नाचा पूर्ण मजकूर मिळाल्याशिवाय टक्केवारी टिपणात घेऊच नका.

पद्धतीचा फरक तर अनेकांच्या गावीही नसतो. प्यू संशोधन केंद्राने २०२०मध्ये हाच विषय दोन प्रकारे विचारला. फोनवर माणसाशी बोलताना ५२ टक्के बाजूने, ऑनलाइन एकट्याने उत्तर देताना ६५. समोर ऐकणारं कोणी असलं की लोक हात आखडतात. त्यामुळे २०१०चा फोनवरचा आकडा आणि २०२१चा ऑनलाइन आकडा एका रेषेत जोडला तर ती रेषा खोटी.

त्रुटिमर्यादेचा, म्हणजे चाचणीचा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा, ढोबळ हिशेब घरी होतो. एक या आकड्याला नमुन्यातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. हजार माणसं असतील तर तीन टक्क्यांच्या वर थोडं. नमुना भारित केला जातो, म्हणजे लोकसंख्येशी जुळावा म्हणून काहींच्या उत्तरांना कमी-जास्त वजन दिलं जातं, त्यामुळे गॅलप चार सांगते. म्हणजे ५५चे ५३ झाले यावर मथळा करण्यासारखं काही नाही. त्याच हजारात कृष्णवर्णीय साधारण १२० असतील, तर त्या गटाची मर्यादा नऊ टक्क्यांपर्यंत जाते. गटवार निष्कर्ष काढताना मोठा नमुना लागतो.

तसा मोठा नमुना प्यूच्या २०२१च्या पाहणीत आहे. एकूण ६० टक्के मृत्युदंडाच्या बाजूने. गोऱ्यांत ६३, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) समाजात ५६, कृष्णवर्णीयांत ४९. आता पुढचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचा. निरपराध माणसाला मृत्युदंड होण्याचा धोका आहे असं ७८ टक्के लोक म्हणाले. या शिक्षेने गंभीर गुन्ह्यांना आळा बसत नाही, असं ६३ टक्के. सारख्या गुन्ह्यासाठी कृष्णवर्णीयांना मृत्युदंड होण्याची शक्यता जास्त, असं ५६ टक्के. यात कृष्णवर्णीय ८५ आणि गोरे ४९. म्हणजे धोका मान्य, उपयोग नाही हे मान्य, भेदभावही बऱ्याच जणांना मान्य, आणि तरीही शिक्षा हवी. टिपणाचा खरा विषय आम्हाला हा वाटतो.

प्रश्न : लोकांना भेदभावाची माहितीच नसेल. ती दिली तर मत बदलणार नाही का?

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी १९७२मध्ये हेच गृहीत मांडलं होतं : लोकांना मृत्युदंडाची खरी माहिती झाली तर बहुसंख्य त्याला नाकारतील. एक अपवाद त्यांनीच नोंदवला, की ज्याला सूडासाठीच ही शिक्षा हवी आहे त्याच्यावर माहितीचा परिणाम होणार नाही. पुढच्या प्रयोगांत अपवाद नियमापेक्षा टिकाऊ निघाला. माहितीने थोडी मतं हलतात, पण सूडावर उभं असलेलं मत ढिम्म राहतं.

वर्णाच्या मुद्द्याबाबत एक चमत्कारिक निष्कर्ष २००७मध्ये छापून आला. मार्क पेफ्ली आणि जॉन हर्विट्झ यांनी गोऱ्या उत्तरदात्यांच्या एका गटाला साधा प्रश्न विचारला, दुसऱ्याला आधी सांगितलं की ही शिक्षा अन्यायाची आहे असं काही लोक म्हणतात, कारण ती भोगणाऱ्यांत कृष्णवर्णीय फार. पहिल्या गटात ‘ठामपणे बाजूने’ ३६ टक्के, दुसऱ्यात ५२. भेदभाव सांगितल्यावर पाठिंबा वाढला! हा निष्कर्ष वर्गावर्गांतून शिकवला गेला. २०१८मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा अशी उलटी प्रतिक्रिया सापडली नाही. म्हणून ‘वर्णाचा मुद्दा काढला की गोरे बिथरतात’ हे सिद्ध झालेलं आहे असं लिहू नका. वर्णाचा मुद्दा काढला की मन वळतं, हेही त्या प्रयोगांतून दिसत नाही.

प्रश्न : न्यायालयाने जनमताकडे का बघावं? कायदा तो कायदा.

अमेरिकेत बघावं लागतं, कारण घटनेने मनाई केलेली ‘क्रूर आणि विलक्षण’ शिक्षा म्हणजे काय हे समाजाच्या प्रगत होत जाणाऱ्या सभ्यतेच्या कसोटीवर ठरवायचं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९५८पासून म्हटलं आहे. मात्र त्यासाठी ते चाचण्यांपेक्षा राज्यांचे कायदे मोजतं. १९७२च्या फर्मन निकालाने त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे कोसळले, तेव्हा ३५ राज्यांनी घाईघाईने नवे केले. त्याचाच आधार घेऊन १९७६च्या ग्रेग निकालात न्यायालय म्हणालं की समाजाला ही शिक्षा मान्य आहे.

जनमत मागच्या दारानेही येतं. कॅलिफोर्नियात १९८६मध्ये मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांना, ते मृत्युदंडाच्या शिक्षा उलटवतात या प्रचारावर, मतदारांनी घरी बसवलं. पुढे निवडणुकीला उभं राहायचं असलेल्या न्यायाधीशांनी त्यातून काय बोध घेतला असेल, ते सांगायला नको.

आणि वर्ण अगदी समोर असतानाही निकालातून गाळता येतो. बलात्काराबद्दल १९३०नंतर ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत ४०५ कृष्णवर्णीय. प्रौढ स्त्रीवरच्या बलात्काराला ही शिक्षा नको, हे १९७७च्या कोकर खटल्यात ठरलं. मुख्य निकालात कारण दिलं प्रमाणशीरपणाचं, वर्णाचा शब्द नाही.

प्रश्न : मॅक्लेस्की निकालानंतर रस्ता बंदच झाला का?

संघराज्याच्या पातळीवर जवळजवळ बंद. राज्यांना मात्र आपले कायदे करता येतात, कारण त्या निकालानेच सांगितलं होतं की आकड्यांचं काय करायचं ते विधिमंडळांनी ठरवावं.

केंटकीने १९९८मध्ये वांशिक न्यायाचा कायदा केला, तो पुढच्या खटल्यांपुरता. नॉर्थ कॅरोलायनाचा २००९चा कायदा जास्त धारदार होता. वर्णाचा परिणाम आकडेवारीने दाखवा, मृत्युदंड रद्द होऊन जन्मठेप मिळेल. २०१२मध्ये चार कैद्यांना ती मिळाली. सरकारी वकिलांनी पात्र कृष्णवर्णीय ज्युरर इतरांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात नाकारले होते, हा त्यातला कळीचा पुरावा. २०१३मध्ये विधिमंडळाने कायदाच रद्द केला. ज्यांनी आधी अर्ज केले होते त्यांचा हक्क जात नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ठरवलं, म्हणून जुने अर्ज अजून चालतात.

वॉशिंग्टन राज्यात तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१८मध्ये एकमताने मृत्युदंड थांबवला. सारख्या खटल्यांत कृष्णवर्णीय आरोपीला तो होण्याची शक्यता चार पटींहून अधिक, हा अभ्यास त्यांनी राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे ग्राह्य धरला. मॅक्लेस्कीचा निकाल तिथे आडवा आला नाही.

सध्याचा सगळ्यांत रुंद कायदा कॅलिफोर्नियाचा, २०२१पासून लागू. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. वकील, न्यायाधीश, पोलीस, साक्षीदार तज्ज्ञ किंवा ज्युरर यांच्यापैकी कोणी पूर्वग्रहाची भाषा वापरली तरी पुरेसं, किंवा सारख्या खटल्यांत वेगळ्या वर्णाला वेगळी वागणूक मिळाली हे आकड्यांनी दाखवता आलं तरी. अडचण येते ती आकडे मिळवण्याची. त्यासाठी त्याच काउंटीतल्या सारख्या खटल्यांत आरोप काय ठेवले, सौदा काय देऊ केला, मृत कोण होता याच्या नोंदी सरकारी वकिलाकडून मागाव्या लागतात. न्यायालय कागद द्यायला सांगतं, पण योग्य कारण दाखवल्यावरच. खुनाचे निकाल नोंदीत असतात. न मागितलेल्या मृत्युदंडाची नोंद मात्र बऱ्याचदा कुठेच नसते, आणि तुलनेला नेमकी तीच लागते.